एकाच घरच्या दोन लेकी

बोटाच्या नखाएवढा सिलिकनचा तुकडा! घरातल्या संगणकाचा मेंदू तो एवढाच. पण या तुकड्यापायी कॅलिफोर्नियातल्या दोन कंपन्या आज कित्येक वर्षे एकमेकींशी झुंजत आहेत. आणि गंमत अशी की, दोघींचे माहेर एकच!

रॉबर्ट नॉइस व गॉर्डन मूर यांनी १९६८ साली फेअरचाइल्ड कंपनीला रामराम ठोकून ‘इंटेल’ काढली. पुढच्याच वर्षी तिथलाच जेरी सँडर्स सात सहकाऱ्यांसह बाहेर पडला आणि ‘एएमडी’ जन्मास आली.

दोघींची गाठ घातली ती आयबीएमने. १९८१ साली आपल्या छोट्या संगणकासाठी तिने इंटेलची चिप पसंत केली. पण एकाच दुकानावर विसंबून राहायला ती तयार नव्हती. उद्या माल अडला तर? दुसरा पुरवठादार हवाच, ही तिची अट. म्हणून १९८२ साली इंटेलने एएमडीशी करार केला. पुढे धंद्याला बरकत आली, तसा हा वाटेकरी डोळ्यांत खुपू लागला. १९८५ साली ‘३८६’ चिप निघाली, तेव्हा इंटेलने तिचे आराखडे देण्यास साफ नकार दिला.

प्रकरण लवादापर्यंत गेले. दरम्यान एएमडीच्या अभियंत्यांनी तसलीच चिप स्वतःच्या अकलेने घडवून १९९१ साली बाजारात आणली. इंटेलची धाव ३३ मेगाहर्ट्झ, तर हिची ४०! ‘३८६’ या आकड्यावर कुणाची मालकी नाही, असेही न्यायालयाने ठरवले. मग इंटेलने १९९३ साली पुढच्या चिपला आकड्याऐवजी नावच दिले: पेंटियम. तिच्या उभारणीत मोठा वाटा असलेल्या विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. आणि याच गृहस्थांनी पुढे एएमडीच्या ‘के-६’ला आकार दिला!

सेकंदाला एक अब्ज ठोके देणारी चिप एएमडीने ६ मार्च २००० रोजी जाहीर केली. इंटेलने ८ मार्चला! त्याच वर्षी इंटेलने याहून वेगवान चिप आणली खरी, पण दोष निघाल्याने ती महिन्याभरात परत बोलवावी लागली.

खरा डाव मात्र पुढेच रंगला. इंटेलने २००१ साली ‘आयटेनियम’ ही सर्वस्वी नवी चिप आणली. जुने प्रोग्रॅम तिच्यावर रखडत चालत. एएमडीने २००३ साली जुन्याच घराणाच्या चिपला ६४ बिटांची जोड दिली. जुने सामान न टाकता नवे घर मिळाले, तर कोणाला नको? २००४ साली इंटेललाही तीच वाट धरावी लागली. थोरलीने धाकटीचा धडा गिरवला!

आयबीएमची ती अट आपल्या गृहिणींना नवी नाही. गल्लीत वाण्याची दुकाने दोन असली, की तराजू आपोआप सरळ राहतो!