‘थाट’ : सतारीच्या पडद्यांवरून रागांच्या वर्गीकरणापर्यंत

‘संसार थाटला’, ‘दुकान थाटले’ असे आपण सहज म्हणतो. या क्रियापदातील मांडणीचा, उभारणीचा अर्थच हिंदुस्थानी संगीतातील ‘थाट’ या संज्ञेत आहे. हिंदीत ती ‘ठाठ’ अशीही लिहिली जाते.

सतारीच्या दांडीवरील पडदे सरकवता येतात. भैरवानंतर यमन वाजवायचा असेल, तर वादकाला मध्य सप्तकातील ऋषभ-धैवताचे पडदे हलवून स्वरांची नवी मांडणी करावी लागते. ही मांडणी म्हणजे थाट. पडदे हलवावे लागतात ती सतार ‘चल थाटा’ची आणि सर्व स्वरांना स्वतंत्र पडदे असतात ती ‘अचल थाटा’ची, ही नावे त्यावरूनच पडली.

दक्षिणेत व्यंकटमखी यांनी सतराव्या शतकात ७२ मेलांची रचना सांगितली होती. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी ‘मेल’ आणि ‘थाट’ समानार्थी मानून उत्तरेतील प्रचलित राग बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी या दहा थाटांत बसवले. पेशाने वकील असलेल्या भातखंडे यांनी हे विवेचन ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ या मूळ मराठी ग्रंथमालेत केले.

थाटात सातही स्वर क्रमाने असतात. त्याला आरोह-अवरोह लागत नाही आणि तो गायलाही जात नाही. ‘थाटातून राग जन्मतो’ हे वाक्य विद्यार्थी पाठ करतात. वास्तविक थाटांना नावे मिळाली ती आधीपासून गायल्या जाणाऱ्या रागांची. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर तेच. तरीही भूप कल्याण थाटात आणि देशकार बिलावल थाटात गणला जातो. दोन्ही रागांत मध्यम-निषाद नसल्याने केवळ स्वर मोजून हा निर्णय होत नाही. तेथे रागाची चालच पाहावी लागते.

अहिर भैरवाची अडचण निराळी आहे. त्यातील कोमल ऋषभ आणि कोमल निषाद, बाकीचे स्वर शुद्ध, ही मांडणी दहांपैकी एकाही थाटात नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मात्र त्याचा थाट ‘भैरव’ असाच लिहिला जातो.