देशोदेशीची मिठाई : गोडी साखरेची, मऊपणा कशाचा?

रमजान ईद जवळ आली की मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटपासून तालुक्याच्या गावातील किराणा दुकानापर्यंत परदेशी गोळ्या-चॉकलेटांचे डबे मांडले जातात. आखाती देशांतून सुट्टीवर येणारे बांधव पिशव्या भरून आणतात ते वेगळेच. अस्वलाच्या आकाराच्या रबरासारख्या गोळ्या, कापसासारखे मार्शमेलो, पिस्ता घातलेले तुर्की लोकुम, इराणी गझ, काळ्या रंगाच्या ज्येष्ठमधाच्या वड्या. गिऱ्हाईक आधी किंमत विचारते. हल्ली त्यानंतर दुसरा प्रश्नही येतो : यात घातले आहे काय? 'माल बाहेरचा आहे, चांगलाच असणार' या उत्तराने त्याचे समाधान होत नाही, आणि होऊही नये.

साखर सगळ्या देशांत सारखीच. गोळी कडक होणार की मऊ, हे पाकात किती पाणी उरले यावर ठरते. पाक सुमारे 150 अंश सेल्सिअसपर्यंत नेला की पाणी जवळजवळ सगळे उडून जाते आणि थंड झाल्यावर काचेसारखी गोळी मिळते. आपली लिमलेटची गोळी हीच. तिला साखर, ग्लुकोज, आंबटपणा, रंग आणि वास याखेरीज काही लागत नाही. मऊ गोळीत मात्र पाणी शिल्लक ठेवावे लागते, आणि ते पाणी वाहून जाऊ नये म्हणून त्याला धरून ठेवणारा एखादा पदार्थ घालावा लागतो. हा धरून ठेवणारा पदार्थ कोणता, एवढेच व्यापाऱ्याने आणि कारागिराने नीट समजून घेतले तर जगातली निम्मीअधिक मिठाई त्याला उलगडते.

प्रथम तुर्कस्तान. हाजी बेकिर हा कारागीर अनातोलियातील कस्तामोनू भागातून इस्तंबूलला आला आणि 1777 मध्ये त्याने तेथे दुकान थाटले. त्याच्या वंशजांची पेढी आजही त्याच नावाने चालते. लोकुम जगभर पोहोचले ते या पेढीच्या नावावर. मूळ अरबी नाव 'राहतुल हुलकूम', म्हणजे घशाला आराम देणारे. इंग्रजांनी त्याला 'टर्किश डिलाइट' म्हटले. तुर्कस्तानात रमजान ईदला 'शेकेर बायरामी', म्हणजे साखरेचा सण, असेही म्हणतात. त्या दिवशी घरोघरी येणाऱ्या मुलांच्या हातावर हीच मिठाई ठेवली जाते. लोकुम धरून ठेवतो तो स्टार्च. साखरेच्या पाकात थोडे आंबट घालतात, म्हणजे पाकाचे पुन्हा दाणे पडत नाहीत. मग पाण्यात कालवलेला मक्याचा स्टार्च सोडून मंद आचेवर तासाच्या वर घोटत राहायचे. मिश्रण चकचकीत आणि ताणणारे झाले की स्टार्च भुरभुरलेल्या लाकडी थाळ्यात ओतायचे, रात्रभर ठेवायचे, दुसऱ्या दिवशी कापून स्टार्च आणि पिठीसाखरेत घोळवायचे.

हे वाचून मुंबईचा कोणताही हलवाई म्हणेल, हा तर आपला कराची हलवा! खरेच आहे. कॉर्नफ्लोअरचा तो हलवा, ज्याला कुणी बॉम्बे हलवा म्हणतात, याच तत्त्वावर उभा आहे. आपण त्यात तूप सोडतो, तुर्क सोडत नाहीत. कढई, झारा आणि घोटणारा हात तोच.

याउलट युरोपातील मऊ गोळ्यांचा आधार बहुतेक जिलेटिन हा असतो, आणि आपल्या वाचकांचा प्रश्न नेमका येथे सुरू होतो. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या कातडीतून आणि हाडांतून पाण्याने व उष्णतेने काढलेला पदार्थ. कोणत्या जनावराचा, हे वेष्टनावरील नुसत्या 'जिलेटिन' या शब्दावरून कळत नाही. युरोपात खाण्याच्या जिलेटिनासाठी डुकराच्या कातडीचा वापर सर्वाधिक होतो.

जर्मनीतील हरिबो ही या धंद्यातली सर्वात नावाजलेली कंपनी. हान्स रीगेल याने 1920 मध्ये बॉन शहरात ती काढली. त्याच्या नावाची आणि गावाची आद्याक्षरे जोडून हरिबो झाले. 1922 मध्ये त्याने अस्वलाची गोळी आणली. अशा गोळ्या आधी डिंकावर बनत. 'गमी' या नावात तो डिंक अजून आहे, पोटात मात्र पुढे जिलेटिन गेले. आज याच कंपनीचा तुर्कस्तानात कारखाना आहे आणि तेथे गोवंशाचे जिलेटिन वापरून हलाल प्रमाणित माल तयार होतो. तेच अस्वल, तेच नाव, रंगही तेच. तेव्हा पाकिटाच्या दर्शनी बाजूवर विसंबून चालत नाही. मागची बाजू आणि कोणत्या देशात बनले ही ओळ पाहावी लागते. जर्मनीतीलच कात्येस या कंपनीने 2016 पासून आपल्या सगळ्या मालातून जिलेटिन काढून टाकले. तेथील शाकाहारी गिऱ्हाइकांना ते नको होते, इतके साधे कारण.

मार्शमेलोची कथा तर आपल्या हकिमी दवाखान्यापर्यंत येते. मार्शमेलो हे मुळात एका झाडाचे नाव. युनानी औषधांत आपण ज्याला खत्मी म्हणतो तेच हे झाड. त्याच्या मुळाचा चिकट रस साखरेत फेटून फ्रान्सचे मिठाईवाले घशासाठी मऊ वड्या करीत. मूळ महाग आणि मेहनतीचे, जिलेटिन स्वस्त आणि झटपट. मूळ गेले, नाव राहिले. आजच्या मार्शमेलोत खत्मीचा अंशही नसतो.

आता जिलेटिनाशिवाय चालणारे देश पाहू. जपानमध्ये योकान नावाची वडी लाल चवळीसारख्या अझुकी कडधान्याच्या पुरणापासून करतात आणि ती आगरने घट्ट होते. आगर हे समुद्री शेवाळापासून निघते. आपल्या बाजारात त्याचे नाव चायना ग्रास. इफ्तारच्या दस्तरखानावर दुधातली चायना ग्रासची थरथरती वडी कोणाला ठाऊक नाही? ज्या शेवाळापासून आगर काढतात ते तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही गोळा केले जाते.

जपानी मिठाईतच कोंपेइतो नावाचे रंगीत काटेरी साखरदाणे आहेत. पोर्तुगीजांनी ते तेथे नेले. 1569 मध्ये लुईस फ्रोइश या पाद्र्याने ओडा नोबुनागा या सरदाराला काचेच्या बरणीत ते नजर केल्याची नोंद आहे. तापत्या, फिरत्या कढईत पाक थोडाथोडा शिंपडत दाणे मोठे करायचे. या कामाला आठ-पंधरा दिवस लागतात. संक्रांतीचा आपला काटेरी हलवा याच रीतीने होतो, आणि त्यातही साखरेशिवाय धरणारे काही नाही.

गोव्यात पोर्तुगीजांच्याच रीतीतून आलेली पेराद आहे, पेरूचा गर साखरेत आटवून पाडलेली वडी. येथे धरणारा पदार्थ पेरूतच असतो, त्याला पेक्टिन म्हणतात. संत्र्या-लिंबाची साल आणि सफरचंदाचा चोथा यांतून पेक्टिन वेगळे काढून त्याची पूड विकली जाते. अनेक कंपन्यांच्या जिलेटिनरहित जेली गोळ्या याच पुडीवर बनतात.

डिंकाचा मोठा देश सुदान. तेथील बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक जगभरच्या गोळ्यांत आणि शीतपेयांत जातो. 1997 मध्ये अमेरिकेने सुदानवर व्यापारबंदी लादली, तेव्हा डिंकाला तिच्यातून सवलत द्यावी लागली. गोळीवाल्यांचे आणि पेयवाल्यांचे त्यावाचून अडत होते. एप्रिल 2023 पासून त्या देशात युद्ध पेटल्यावर या मालाची वाहतूक पुन्हा संकटात आली.

इस्फहानची गझ आणि स्पेनची तुर्रोन या वड्या अंड्याचा पांढरा भाग फेटून हलक्या केलेल्या असतात, आत पिस्ते किंवा बदाम. उत्तर युरोपातील ज्येष्ठमधाच्या काळ्या वड्या आपल्याकडे फारशा खपणार नाहीत. फिनलंडमध्ये तर त्यात नवसागर घालतात! आपले कल्हईवाले भांड्याला कल्हई लावताना वापरतात तोच. तिकडची मुले तो आवडीने चघळतात.

वेष्टन कसे वाचावे

भारतात विकल्या जाणाऱ्या पाकीटबंद खाद्यपदार्थावर शाकाहाराची हिरवी किंवा मांसाहाराची तपकिरी खूण असावी लागते. तपकिरी खूण पूर्वी ठिपक्याची होती, 2020 च्या नियमांनी ती त्रिकोणाची केली. आयात मालावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी परवाना क्रमांकही पाहिजे. ज्या पाकिटावर यांतले काहीच नाही तो माल सामानातून आलेला समजावा आणि दुकानात मांडू नये. तपासणीला अधिकारी आला तर जबाबदारी विकणाऱ्यावर येते.

हिरवी खूण असेल तर आत जिलेटिन नाही, आणि किड्यापासून काढलेला लाल रंग (क्रमांक 120, कोचिनील किंवा कार्माइन) हाही नाही, कारण कायद्याने तो मांसाहारात धरला आहे. पण मध, मेण आणि लाख यांना कायद्याने त्यातून वगळले आहे. तेव्हा चकचकीत गोळीवर क्रमांक 904 दिसला तर ती लाख. सुतार लाकडाला ज्या चपड्याचे पॉलिश करतो त्याचीच ही शुद्ध केलेली जात. क्रमांक 471 वनस्पतीच्या तेलापासूनही बनतो आणि प्राण्याच्या चरबीपासूनही. क्रमांक 406 आगर, 414 डिंक, 440 पेक्टिन, हे तिन्ही वनस्पतीचे.

ही खूण हलालचा दाखला मानू नये. गझच्या डब्यावर अंड्यामुळे तपकिरी त्रिकोण येतो, तरी त्यात हराम काही नसते. उलट मद्यार्क हा प्राणिज नसल्याने खुणेवरून त्याचा पत्ता लागत नाही. जिलेटिन बनताना मूळ वस्तूचे रूप पुरते पालटते की नाही, तसेच किड्याचा रंग आणि लाख, यांबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. त्याचा निवाडा करणे हे व्यापार पानाचे काम नाही, आपल्या मुफ्तींना विचारावे. व्यापाऱ्याचे कर्तव्य एवढेच की विचारणाऱ्याला वस्तू कशाची आहे ते खरे सांगावे.

आणखी एक अडचण पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. भारताच्या आयात धोरणात गोमांस आणि गोमांस असलेले पदार्थ आणण्यास मनाई आहे. त्यामुळे परदेशातील हलाल शिक्का असलेला, पण गोवंशाच्या जिलेटिनाचा माल कस्टममध्ये अडकू शकतो. कंटेनर मागवण्याआधी कस्टम एजंटाकडून लेखी समजून घ्यावे, आणि कारखान्याकडून जिलेटिन कोणत्या प्राण्याचे याचा कागद घ्यावा. मासळीचेही जिलेटिन असते.

कारागिरांसाठी

आपल्या हवेत जिलेटिनाचा एक दोष उघडा पडतो. त्याची जेली 35 अंशांच्या आसपास वितळू लागते, म्हणून तर ती तोंडात विरघळते. पण मालेगाव, परभणी, नागपूरच्या मे महिन्यात बंद टेम्पोतून गेलेल्या गोळ्या एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा होतो. आगरची वडी एकदा बसली की सुमारे 85 अंशांपर्यंत वितळत नाही. पेक्टिन आणि स्टार्चच्या वड्याही उन्हाळा चांगला काढतात. शिवाय असा माल आपल्या मोहल्ल्याबाहेरच्या शाकाहारी आणि जैन गिऱ्हाइकालाही चालतो. बाजार मोठा होतो.

करून पाहणाऱ्यांनी दोन-तीन गोष्टी सांभाळाव्यात. आगर आधी नुसत्या पाण्यात उकळून पूर्ण विरघळवावे, साखर नंतर घालावी. एक किलो मिश्रणाला आगर पूड 10 ते 15 ग्रॅम पुरते. लिंबूसत्त्व आच बंद केल्यावरच टाकावे, आंबटासोबत उकळले तर आगरचा जोर जातो. आगरची वडी कुरकुरीत तुटते, रबरासारखी ताणत नाही. अस्वलाच्या गोळीची नक्कल तिने होणार नाही, ती अपेक्षा ठेवू नये. पेक्टिनची पूड कोरड्या साखरेत मिसळूनच पाण्यात सोडावी, नाहीतर गुठळ्या होतात. त्याला भरपूर साखर आणि आंबटपणा दोन्ही लागतात, आणि आंबट पडताच ते भराभर बसू लागते, म्हणून साचे आधीच मांडून तयार असावेत. लोकुमला हे कोणतेच कसब लागत नाही, वेळ आणि मनगट लागते. मात्र कोकणात पावसाळ्यात नुसत्या पिठीसाखरेत घोळवलेली वडी दोन दिवसांत पाझरते. तेव्हा घोळवताना स्टार्च जास्त घ्यावा, आणि पहिली खेप पाच किलोंची करून आठ दिवस बंद डब्यात ठेवून पाहावी.