गोंडवन : जमिनीवरचे आणि जमिनीखालचे

‘गोंडवाना’ हे प्राचीन महाखंडाचे नाव भूगोलाच्या पुस्तकात वाचताना ते मुळात आपल्याकडच्या गोंडांच्या मुलखाचे नाव आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२च्या सुमारास मध्य भारतातील खडकांच्या एका मालिकेला ते दिले. पुढे ऑस्ट्रियाचे एडुआर्ड झ्यूस यांनी ते साऱ्या महाखंडाला लावले. ग्लॉसॉप्टेरिस या वनस्पतीच्या जिभेसारख्या पानांचे ठसे भारतात आणि दक्षिण आफ्रिकेच्या पट्ट्यातही सापडतात. त्या काळच्या दलदलींतून दगडी कोळसा तयार झाला. चंद्रपूरच्या वर्धा खोऱ्यातला कोळसा आणि बोत्स्वानातील मोरुपुले खाणीचा कोळसा असे एकाच युगातले आहेत.

बोत्स्वानाचे क्षेत्रफळ सुमारे ५ लाख ८२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीजवळ. बराच भाग कलहारीचा. २०२२च्या जनगणनेत लोकसंख्या चोवीस लाखांच्या आत भरली. आपल्या एकट्या चंद्रपूर जिल्ह्यात २०११ सालीच बावीस लाख लोक होते. त्स्वाना भाषक बहुसंख्य आणि गुरेढोरे हेच त्यांचे जुने धन. गडचिरोलीचा भूगोल याच्या उलट आहे. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती अशा मोठ्या नद्या आणि जिल्ह्याच्या सुमारे तीन चतुर्थांश भागावर जंगल. धान, मोह, तेंदूपत्ता आणि बांबू यांवर इथले जगणे चालते. भामरागड-एटापल्लीकडे द्रविड कुळातली भाषा बोलणारे माडिया राहतात.

दोन्ही मुलखांपुढचा प्रश्न मात्र एकच : जमिनीखालचे धन कोणाचे?

बोत्स्वाना ३० सप्टेंबर १९६६ रोजी स्वतंत्र झाला, तेव्हा तो जगातल्या अतिगरीब देशांपैकी एक होता. १९६७ साली कायद्याने टोळ्यांचे खनिजहक्क राष्ट्राकडे आले. त्याच वर्षी बांग्वाटो टोळीच्या मुलखात, ओरापा येथे हिऱ्यांचा साठा सापडला. अध्यक्ष सेरेत्से खामा स्वतः याच टोळीच्या राजघराण्यातले. हिऱ्यांचे उत्पन्न एका टोळीकडे न जाता सरकारी तिजोरीत आले आणि त्यातून शाळा, दवाखाने, रस्ते उभे राहिले. डी बिअर्सबरोबरच्या खाणकंपनीत सरकारची निम्मी भागीदारी आहे.

पण या यशाला दुसरी बाजू आहे. मध्य कलहारीच्या राखीव क्षेत्रातून सरकारने सान लोकांना हलवले. देशाच्या उच्च न्यायालयाने २००६ साली ते बेकायदेशीर ठरवले. राष्ट्राचा वाटा राष्ट्राला मिळाला, तरी त्या जागी राहणाऱ्याचा हक्क आपोआप सुरक्षित होत नाही.

आपल्याकडे जमिनीवरच्या धनाबाबत एक मोठे पाऊल पडले आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या शंभरेक घरांच्या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याकडे. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी परवान्यांचे पुस्तक गावाच्या हाती दिले आणि ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा तेंदू-बांबूचे व्यवहार करू लागल्या.

जमिनीखाली हा हक्क पोहोचत नाही. पेसा कायद्यानुसार गौण खनिजांच्या परवान्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते. लोहखनिज वा कोळसा त्या तरतुदीत बसत नाही. सुरजागडचा डोंगर माडियांच्या श्रद्धेचे स्थान. तिथले लोहखनिज काढण्याचा पट्टा २००७ साली शासनाने खासगी कंपनीला दिला. चंद्रपूरला कोळशाच्या खाणी आणि २,९२० मेगावॉटचे वीजकेंद्र. तिथली वीज राज्यभर जाते, राख आणि धूर मात्र तिथेच राहतो. २०१५च्या दुरुस्तीनंतर आलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे स्वामित्वधनाच्या प्रमाणात निधी जमा होतो. तो खाणबाधितांसाठी आहे. त्याच्या खर्चाचे नियोजन जिल्हा पातळीवर होते.

बोत्स्वानाने खनिजाचे उत्पन्न साऱ्या देशाचे मानले. मेंढ्याने जंगलाचा हिशेब गावासमोर मांडला. गडचिरोलीला या दोन्हींची गरज आहे. मेंढ्यातल्या माणसाला बांबूचा हिशेब ग्रामसभेत विचारता येतो, तसाच सुरजागडच्या पायथ्याच्या माणसालाही खनिजनिधीचा हिशेब आपल्याच ग्रामसभेत विचारता आला पाहिजे.