वेष्टनातील ओवा

स्टार्च किंवा कोळंबीच्या कवचापासून मिळणारे कायटोसान यांच्या जैवविघटनशील फिल्ममध्ये लवंगेचे वा ओव्याचे उडनशील तेल मिसळल्यास आतील खाद्यपदार्थावरील बुरशीची वाढ मंदावते. लवंगेतील युजेनॉल आणि ओव्यातील थायमॉल, म्हणजे आपले परिचित ओव्याचे फूल, हे कार्य करतात. वाळवताना उष्णता अधिक झाली, तर तेल उडून जाते.

तथापि चूर्णांसाठी अशी वेष्टने स्वीकारण्याची घाई औषधनिर्मात्यांनी करू नये, असे आम्हांस वाटते. वेष्टनातून बाहेर पडणे हेच या तेलाचे कार्य; ते चूर्णातही उतरणार. अविपत्तिकर चूर्णात लवंग मुळातच आहे. परंतु पित्तशमनार्थ दिलेल्या शतावरी चूर्णात उष्ण, पित्तकर ओवा कोणत्या पाठाने आला? लेबलावर तर त्याचा उल्लेखही नसेल! पुरवठादाराकडून तेलाचे नाव व प्रमाण लेखी घ्यावे आणि नमुना वेष्टनात चूर्ण काही महिने ठेवून गंध व रस पारखावेत.