चहा पाजला कुणी?

पुण्याच्या पंचहौद मिशनातल्या चहाची गोष्ट ठाऊक नाही असा मराठी वाचक विरळाच. १८९० सालच्या ऑक्टोबरात मिशनच्या निमंत्रणावरून न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळराव गोखले अशी पुण्यातली बडी मंडळी तिथे जमली. कार्यक्रम संपल्यावर चहा-बिस्किटे पुढे आली. कुणी चहा घेतला, कुणी पेला हातात धरून तसाच खाली ठेवला. पुढे गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभवा'त छापवून आणली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि अखेर रानड्यांसारख्या माणसालाही प्रायश्चित्त घ्यावे लागले.

वर्गात ही गोष्ट मी गेली अठरा वर्षे सांगत आलो आहे. मुलांना ती आवडते. तास संपता संपता सांगावी, म्हणजे घंटेचा आवाजही कुणाला ऐकू येत नाही. गेल्या वर्षी मात्र गोष्ट संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"सर, चहा प्यायला कोण कोण होते ते कळलं. पण पाजला कुणी?"

वर्ग हसला. मीही हसून म्हटले, "मिशनऱ्यांनी."

"हो, पण कुठल्या?"

आता मात्र माझी पंचाईत झाली. मिशन ते मिशन आणि ख्रिस्ती ते ख्रिस्ती, एवढ्यावरच आमचे ज्ञान संपत होते. कुणी परप्रांतीयाने 'देशस्थ काय नि कोकणस्थ काय, सगळे एकच' असे म्हटले तर आपल्या घरातली वडीलधारी माणसे त्याच्याकडे कशी पाहतील? त्या मुलीने माझ्याकडे तसेच पाहिले. 'उद्या सांगतो' हे मास्तरांचे जुने शस्त्र वापरून मी वेळ मारून नेली आणि ग्रंथालय गाठले.

उत्तर सापडायला वेळ लागला नाही. पंचहौद मिशन अँग्लिकन पंथाचे होते. 'अँग्लिकन' म्हणजे शब्दशः इंग्रजी. सोळाव्या शतकात आठव्या हेन्री राजाने रोमच्या पोपशी संबंध तोडले, तेव्हा इंग्लंडचे चर्च वेगळे झाले. पोप नको, पण बिशप हवेत. लॅटिन नको, पण नेमून दिलेल्या प्रार्थनेचे पुस्तक हवे, असा हा मधला मार्ग. कंपनी सरकारबरोबर तो आपल्याकडे आला. मुंबईचे सेंट थॉमस चर्च १७१८ च्या नाताळात उघडले. किल्ल्याच्या ज्या वेशीतून त्या चर्चकडे जात, ती चर्चगेट. वेस पाडूनही जमाना झाला, पण रोज लाखो माणसे लोकलमध्ये हे नाव घेतात आणि नकळत एका अँग्लिकन देवळाची आठवण काढतात.

साहेबाचे चर्च म्हणून ते सरकारी खर्चाने चाले. लष्करातल्या पाद्र्यांचा पगार तिजोरीतून होई. १९३० साली हिंदुस्थानातले अँग्लिकन चर्च कायद्याने इंग्लंडच्या चर्चपासून मोकळे झाले. नाव आणि रीत मात्र तीच राहिली.

या इंग्रजी घरात आपली मराठी माणसेही होती. कोकणस्थ घराण्यातले, काशीत वाढलेले पंडित नीळकंठशास्त्री गोरे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले आणि पुढे अँग्लिकन धर्मगुरू बनले. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज गावी बाप्तिस्मा घेतला, तिथे त्या ज्या जोगिणींच्या मठात राहिल्या, त्याच पंथाच्या जोगिणी पुण्यात पंचहौदला काम करीत होत्या. म्हणजे रमाबाईंचा मठ आणि रानड्यांचा चहा हे एकाच घरचे! पण रमाबाई काही मुकाट्याने मान डोलावणाऱ्या नव्हत्या. आपल्या गुरुभगिनीशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात त्यांनी बजावले की एका पुरोहितशाहीचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, आता दुसरे चढवून घ्यायचे नाही. ख्रिस्ताला मानते, पण चर्च सांगेल ते सारे मानणार नाही, हा त्यांचा बाणा अखेरपर्यंत टिकला. आज त्याच इंग्लंडच्या चर्चच्या पंचांगात ३० एप्रिल हा रमाबाईंच्या स्मरणाचा दिवस आहे.

दुसऱ्या दिवशी हे सारे मी वर्गात सांगितले. ती मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, माझी आजी एस. पी. जी.ची. आजोबा अमेरिकन मिशनचे. एकदा आजीला भेटा."

एस. पी. जी. हे अँग्लिकनांचेच एक मिशन. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून होते. पुढे चार दशकांनी एस. पी. जी.ही तिथे आले. एकाच गावात दोन मिशने, दोन शाळा, दोन देवळे. अमेरिकन मंडळीत बिशप नाही. प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण पाहणार. आणि अँग्लिकनांत बिशपवाचून पान हलायचे नाही. प्रेषितांपासून हातावर हात ठेवीत आलेली परंपरा बिशपमधून वाहते, आणि बिशपने ज्याच्या मस्तकावर हात ठेवला तोच खरा धर्मगुरू, अशी त्यांची श्रद्धा.

दिवाळीच्या सुट्टीत मी नगरला गेलो. आजी अठ्ठ्याहत्तरीच्या. नऊवारी नाही, पण पदर डोक्यावर. भिंतीवर आजोबांचा फोटो आणि खाली कपाटात 'उपासना संगीत'.

"आमचं लग्न सहासष्ट सालचं," आजी सांगू लागल्या. "हे अमेरिकन मिशनचे. त्यांच्याकडे प्रभुभोजन बाकावर बसून घ्यायचं. द्राक्षरसाचे छोटे छोटे पेले ताटात ठेवून फिरवायचे, ज्याचा त्याचा वेगळा. आमच्याकडं वेदीपुढं जाऊन गुडघे टेकायचे. पेला एकच, तोच सगळ्यांच्या ओठाला लागायचा. नाताळाला आम्ही माहेरी यायचो. मी उठून पुढं जायची आणि हे बाकावर बसून राहायचे."

"का बरे?"

"बिशपनं दृढीकरण केलेलं नव्हतं ना त्यांचं! नियम होता. पाळकसाहेब चांगले होते, पण नियम तो नियम. ह्यांनी कधी बोलून नाही दाखवलं. पण मी गुडघे टेकले की पाठीला कळायचं, हे मागं एकटे बसलेत."

मी काहीच बोललो नाही. पंचहौदच्या पेल्याची गोष्ट इतकी वर्षे सांगितली, पण ज्यांच्या घरी तो भरला गेला, त्यांच्या आतही असाच एक पेला नवरा-बायकोच्या मध्ये उभा होता, हे मला कुठे ठाऊक होते?

हा पेला हटवायला किती खटाटोप करावा लागला, ते पाहण्यासारखे आहे. दक्षिणेत २७ सप्टेंबर १९४७ रोजी, स्वातंत्र्यानंतर सहाच आठवड्यांनी, मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्ये अँग्लिकन, मेथडिस्ट आणि दक्षिणेतली प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल मंडळी एकत्र येऊन चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले. नव्या चर्चमध्ये बिशप राहतील, पण ज्या पाळकांवर बिशपचा हात पडलेला नाही त्यांना पुन्हा दीक्षा घ्यायला लावायची नाही, असे ठरले. यावर परदेशातल्या अँग्लिकनांत मोठा गहजब झाला. कवी टी. एस. एलियट यांनी तर या योजनेविरुद्ध पुस्तिकाच लिहिली होती. आंध्रातल्या नंद्याळकडच्या अनेक अँग्लिकनांनीही या ऐक्यात यायचे नाकारले. ते आले १९७५ मध्ये. आणि गंमत अशी, की २०१३ साली त्याच नंद्याळला पुष्पा ललिता यांच्या रूपाने त्या चर्चची पहिली स्त्री-बिशप मिळाली!

उत्तरेकडची बोलणी १९२९ साली लखनौला सुरू झाली आणि तब्बल एकेचाळीस वर्षे चालली. एवढ्या काळात आपल्याकडे दोन पिढ्यांची लग्ने जमून मोडतात. बिशपचा प्रश्न होताच, शिवाय बॅप्टिस्टांचा निराळा. त्यांच्या मते तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देणे गैर. जाणत्या माणसाने समजून-उमजून तो घ्यावा. अखेर दोन्ही रीती चालतील असे ठरले. धर्मगुरूंच्या बाबतीत तोडगा असा निघाला, की निरनिराळ्या परंपरांच्या प्रतिनिधींनी एकमेकांवर हात ठेवावेत आणि ज्याच्यात जे उणे असेल ते देवाने भरून काढावे अशी प्रार्थना करावी. कुणाचे काय उणे, ते कुणीच बोलायचे नाही. घरातला जुना तंटा मिटवताना शहाणी माणसे हिशेब काढत नाहीत, तसेच हे.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट अशा सहा मंडळ्या एक झाल्या. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट अगदी शेवटच्या घटकेला बाजूला झाले. जे आत आले त्यांनी त्या दिवशी आपापली नावे खाली ठेवली. भारतात स्वतःला अँग्लिकन म्हणवणारे चर्च त्या दिवशी मावळले म्हणायला हरकत नाही. पंचहौदचे देवालय, मुंबईचे सेंट थॉमस, सारे आता सी. एन. आय.चे झाले.

"त्या नाताळाला हे माझ्याबरोबर उठले," आजी म्हणाल्या. "शेजारी गुडघे टेकले. पेला आधी मला दिला, मग ह्यांना. एवढंच झालं." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "गाणी मात्र आधीपासून एकच होती हं. रेव्हरंड टिळकांची. ती गायला बिशपची परवानगी लागत नव्हती."

या ऐक्यानंतर सारे गोडीगुलाबीने चालले असे मात्र नाही. गुजरातेतल्या ब्रदरेन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ मध्ये तिथे त्याचा निकाल लागला. नावे सोडणे एक वेळ सोपे, सातबारा सोडणे कठीण, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. आजींच्या पिढीत अजूनही 'आम्ही एस. पी. जी.चे' हे शब्द तोंडून जातातच.

पण बाहेरच्या जगाकडे पाहिले म्हणजे नागपूरच्या त्या दिवसाचे मोल कळते. जगभरच्या अँग्लिकन परिवारात आज मोठी तेढ आहे. स्त्रियांना बिशप करावे का, समलिंगी जोडप्यांना चर्चने आशीर्वाद द्यावा का, यावरून घर दुभंगत चालले आहे. ३ ऑक्टोबर २०२५ रोजी कँटरबरीच्या आर्चबिशपपदी सारा मुलाली यांची निवड जाहीर झाली. त्या पदावर निवडली गेलेली ही पहिली स्त्री. आणि दोनच आठवड्यांत 'गॅफकॉन' या गटाने कँटरबरीचे वडीलपण नाकारून, खरे अँग्लिकन आम्हीच, असे जाहीर केले. तिथे भांडण नावाचे आहे. आणि ज्यांनी नाव सोडले ती भारतातली दोन्ही संयुक्त चर्चेस आजही त्या अँग्लिकन परिवाराची सदस्य आहेत, आणि त्याच वेळी मेथडिस्टांच्या जागतिक परिवारातही त्यांना पाट मांडलेला आहे.

त्या प्रश्नांचा निवाडा करणे माझे काम नव्हे; मी त्या घरातला नाही. परंतु मतभेद मिटल्यावरच एका पंगतीला बसू असे नागपूरला जमलेले लोक म्हणते, तर ते अजून बोलणीच करीत बसले असते. ते आधी बसले. काही मतभेद मागाहून मिटले, काही अजून तसेच आहेत. पण आजी-आजोबांना त्यानंतरची सारी वर्षे एकत्र गुडघे टेकता आले.

निघायच्या आधी आजींनी आतून चहा आणला. ताटलीत बिस्किटेही होती. नातीने तिला माझ्या वर्गातली गोष्ट सांगितली असावी, कारण पेला हातात देताना म्हातारी मिस्कील हसली.

"घ्या सर, आता प्रायश्चित्त लागत नाही."

चहात साखर जरा जास्त होती. मी दुसरा पेला मागून घेतला.