कॅलिपरला रंग लावावा की कव्हर?

स्टीलच्या रिमवर प्लॅस्टिकची व्हीलकॅप असायची तोवर ब्रेकचा गंज कुणाच्या नजरेला पडत नव्हता. ॲलॉय व्हील आले आणि चाकाच्या आतले सगळे उघडे पडले. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव या वसईच्या किनाऱ्यावरच्या गावांत उघड्यावर उभी राहणारी गाडी फार जुनी नसली, तरी तिचे कॅलिपर तपकिरी दिसू लागतात. मग मालक ॲक्सेसरीच्या दुकानात जातो. तिथे त्याच्यापुढे दोन गोष्टी येतात: लाल-पिवळी कव्हरे किंवा रंगाचा डबा. माझे मत आधीच मांडलेले बरे. कव्हर बसवू नये. रंग चालेल, पण ब्रेक उघडून तपासल्यानंतरच.

कॅलिपर करतो काय?

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. फिरणाऱ्या डिस्कला कॅलिपर चिमट्यासारखा दोन्ही बाजूंनी धरतो. पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने पिस्टन पुढे सरकतो आणि आतला पॅड डिस्कला टेकतो. त्याच जोराने कॅलिपर स्वतः दोन पिनांवरून मागे सरकतो आणि बाहेरचा पॅडही डिस्कवर आवळतो. या दोन पिना मोकळ्या सरकतात की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

गाडीचा वेग ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडतो. माणसांसकट 1200 किलो वजनाची गाडी ताशी 80 किलोमीटरवरून एकदा पूर्ण थांबली, तर सुमारे 300 किलोज्यूल उष्णता तयार होते. 30 अंशांचे एक लिटर पाणी उकळीला आणायला साधारण एवढीच उष्णता लागते. वेग निम्मा असेल तर ती चौथ्या हिश्श्यावर येते. यातला मोठा वाटा पुढच्या चाकांवर पडतो. बरीचशी उष्णता डिस्क हवेत सोडते; उरलेली पॅड आणि पिस्टनमार्गे कॅलिपरपर्यंत आणि ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. जव्हारचा घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर राहिला, तर हे तापमान साचत जाते. डॉट 3 दर्जाचे नवे ब्रेक ऑइल निदान 205 अंशांपर्यंत उकळू नये, असा दंडक आहे. हवेतला ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा 140 अंश आहे. डॉट 4 साठी हे आकडे 230 आणि 155. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल खोल जाते.

इथली हवा, इथले पाणी

पश्चिमेला समुद्राचा खारा वारा, मध्ये खाडी आणि मिठागरे, आणि वर चार महिन्यांचा पाऊस. जुलै 2018 मध्ये वसई, नालासोपारा, विरार पाण्याखाली गेले आणि लोकल बंद पडल्या, तेव्हा सोसायट्यांच्या आवारात उभ्या गाड्यांची चाकेही पाण्यात होती. मीठ ओलावा धरून ठेवते, त्यामुळे बिडाच्या कॅलिपरवर गंज लवकर चढतो.

हा वरचा गंज दिसायला वाईट असला तरी बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. पावसाळ्यात सकाळी डिस्कवर दिसणारा तांबूस थर तर पहिल्या काही ब्रेकांतच पुसला जातो. खरा धोका पिनांना असतो. पिनांवरची रबरी टोपी फाटली की पाणी आत जाते, ग्रीस धुऊन जाते आणि पिन जाम होते. मग एक पॅड डिस्कला घासत राहतो. ते चाक शेजारच्या चाकापेक्षा जास्त तापते, ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते, पॅड तिरपे झिजतात. वरून झकास लाल दिसणारा कॅलिपर आतून असा जाम झालेला असू शकतो. म्हणूनच रंगाचा विचार नंतर करावा.

कव्हर का नको?

बाजारातली स्वस्त कव्हरे एबीएस प्लॅस्टिकची असतात आणि सिलिकॉन, चिकटपट्टी किंवा तारेने बसवली जातात. हे प्लॅस्टिक साधारण 100 अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. जोरात किंवा वारंवार ब्रेक मारल्यावर कॅलिपर तिथवर सहज पोहोचतो. चिकटवलेले कव्हर महामार्गावर सुटले तर ते रिम आणि कॅलिपर यांच्यामध्ये अडकते. ती जागाही बोटभरच असते. अशा वेळी चाक, ब्रेकची नळी किंवा मागून येणारा दुचाकीस्वार, यांपैकी कुणालाही त्याचा फटका बसू शकतो.

विशिष्ट मॉडेलच्या मापाची, क्लिपने घट्ट बसणारी ॲल्युमिनियमची कव्हरेही असतात. ती इतकी धोकादायक नाहीत. तरीही वसईसाठी ती योग्य वाटत नाहीत, कारण कव्हराच्या आड चिखल आणि खारट ओल साचून राहते आणि पाणी मारले तरी निघत नाही. शिवाय ऑइल गळते आहे का, रबर फाटले आहे का, हे चाकाच्या फटीतून एका नजरेत कळायला हवे. कव्हर नेमके तेच झाकते.

लाल रंगाचे आकर्षण

ब्रेंबो ही इटलीतल्या बेर्गामोजवळची कंपनी 1961 मध्ये सुरू झाली आणि 1975 पासून फेरारीच्या शर्यतीच्या गाड्यांना ब्रेकचे भाग पुरवू लागली. लाल कॅलिपर म्हणजे वेगवान गाडी, ही ओळख अशा ब्रेकांमुळे पक्की झाली. आपल्याकडे किया सेल्टॉसची जीटी लाइन आणि ह्युंदाई आय20 ची एन लाइन लाल कॅलिपरसह आल्या. रंगाने ब्रेक जास्त लागत नाहीत, हे मात्र पक्के ध्यानात ठेवावे. साध्या कॅलिपरवर ब्रेंबोचे नाव चिकटवणे तर मला अप्रामाणिकपणाच वाटतो.

रंग कोणता?

उष्णता सहन करणारा, कॅलिपरसाठीच बनवलेला रंग घ्यावा. तो स्प्रेमध्ये मिळतो आणि ब्रशने लावायच्या दोन भागांच्या किटमध्येही. घरच्या गेटचा ऑइल पेंट किंवा साधा स्प्रे तापून पिवळा पडतो, मग त्याचे पापुद्रे निघतात. ब्रेक ऑइलचा थेंब पडला तर तो आणखी लवकर जातो. रंगाच्या पातळ थराने ब्रेक जास्त तापतील ही भीती खोटी आहे, कारण उष्णता सोडण्याचे मुख्य काम डिस्क करते.

वसई पूर्वेला, वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत, पावडर कोटिंग सहज करून मिळते. फिनिश टिकाऊ असते, पण भट्टी साधारण 180 ते 200 अंशांवर चालते. पिस्टन आणि रबरी सील आत ठेवून कॅलिपर भट्टीत घातला तर सील कामातून जातात. कॅलिपर पूर्ण सुटा करायचा, नवे सील किट घालायचे आणि ब्रेकमधली हवा काढायची, एवढी तयारी असेल तरच हा मार्ग धरावा.

उघडल्यावर

गाडी सपाट जागी असावी आणि नुसत्या जॅकवर नव्हे, स्टँडवर टेकवलेली असावी. कॅलिपर सोडवला तर नळीवर लोंबकळू देऊ नये, तारेने वर बांधावा. पॅडची धूळ हवेच्या पाइपने उडवू नये. बिनकंपनीच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. तोंडाला मास्क लावून ब्रेक क्लीनरने धुवावे. गॅरेजमध्ये पेट्रोल-डिझेलने धुण्याची सवय आहे, पण त्याने रबर फुगते. पिना काढून पाहाव्यात, पुसाव्यात आणि त्यांना ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावावे. साधे ग्रीसही रबर खराब करते. पिस्टनभोवती ओल दिसली तर रंगाचे काम तिथेच थांबवून दुरुस्ती करावी.

सगळे ठीक असेल तर तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, पुन्हा क्लीनर, आणि दोन-तीन पातळ हात. पिस्टन, रबरी टोप्या, पिना, पॅड सरकण्याच्या खाचा, हवा काढायचे निपल आणि अँटिलॉक ब्रेकचा (एबीएस) सेन्सर मास्किंग टेपने झाकावा. डिस्कच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर रंग अजिबात जाऊ नये. हब आणि रिम जिथे टेकतात तिथेही नको, कारण तो थर दबला की चाकाचे नट सैल पडतात. मागच्या ड्रमला बाहेरून रंग देणे मात्र फार सोपे, आणि ॲलॉयच्या आड गंजका ड्रमच जास्त डोळ्यांत भरतो.

दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ या कामाला उत्तम. पावसाळ्यातल्या दमट हवेत रंग नीट धरत नाही. आरटीओची चिंता नको. वसईच्या एमएच 48 नोंदणीत गाडीच्या बॉडीचा रंग असतो, कॅलिपरचा नाही.

रंग वाळायला डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण द्यावा. चाके बसवून नट मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने आवळावेत. पॅड मागे ढकलले असतील तर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबावे, नाहीतर पहिला ब्रेक लागणारच नाही. नंतर रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात तीन-चारदा ब्रेक मारून पाहावा आणि साधारण शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत.