जाहिरात हातात आली, पण वेळ कोणाचा?

धंदा करायचा तर भांडवल लागते, हे आपल्या समाजाला आता पटले आहे. पण माल तयार झाला की तो आहे हे लोकांना कळावेही लागते, आणि हे कळविण्याचा अधिकार आपल्याला कोणी आनंदाने दिलेला नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला. त्याची जाहिरात 'केसरी'कडे पाठविली, पैसे मोजायची तयारी दाखविली, तरी 'केसरी'ने ती छापली नाही. याच काळात कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. अखेर राजर्षी शाहू महाराजांनी आपली गाडी त्या हॉटेलापुढे उभी केली, स्वतः चहा घेतला आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजला. छत्रपतींनी एका गरीब माणसाच्या धंद्याची जाहिरात भर रस्त्यात केली!

या दोन घटना आम्ही मुद्दाम आठवतो. कारण आज जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत आमच्या अनेक भगिनी मसाला कुटतात, पापड-कुरडया करतात, नाचणीचे पदार्थ विकतात, शिवणकाम करतात, आणि हे सारे हातातल्या मोबाईलवरून लोकांपुढे मांडतात. त्यासाठी कोणा संपादकाची परवानगी लागत नाही. नारायणगावच्या किंवा मंचरच्या बाजारपेठेत मोक्याचा गाळा घेण्याची ऐपत नसली तरी पुण्या-मुंबईतल्या गिऱ्हाइकापर्यंत पोचता येते. ही गोष्ट लहान नाही. पण जाहिरातीची जागा फुकट मिळाली म्हणून जाहिरात फुकट झाली काय? तिची किंमत कोण मोजते आहे, हा आमचा प्रश्न आहे.

जाहिरातीत काय काय येते ते एकदा मोजून पाहावे. मालाचा फोटो काढायचा, खाली चार ओळी लिहायच्या, व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर आणि इन्स्टाग्रामवर टाकायचे, "ताई, भाव काय?" असे विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायचे, पत्ता घ्यायचा, पैसे जमा झाले की नाही ते पाहायचे, पुडी बांधायची, पार्सल पोचते करायचे. हे सगळे कधी करायचे? चूल, पाणी, मुलांचा अभ्यास, सासूचे औषधपाणी, आणि वर शेतातली मजुरी आटोपल्यावर! म्हणजे रात्री, झोपेतून वेळ काढून. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, तर अशी कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे. मोबाईल आला म्हणून या आकड्यांतील दरी बुजत नाही. उलट कामाचा आणखी एक हारा तिच्याच डोक्यावर चढतो.

त्यात आपला मुलूख निराळा. जुन्नर वनविभागात उसाच्या फडांतून बिबट्याचा वावर आहे. दिवस मावळला की बाई-माणसाने पार्सल घेऊन फाट्यापर्यंत चालत जाणे म्हणजे जिवाशी खेळ. शहरातले जाणकार सांगतात की रात्री आठ-नऊला लोक मोबाईल पाहतात, तेव्हा माल टाका. त्या वेळी आमची भगिनी भाकऱ्या थापत असते आणि लेकरे अंगणात तर नाहीत ना हे पाहत असते. दुसऱ्याच्या घड्याळाने आपला धंदा कसा चालणार? म्हणून आपले नियोजन आपल्या घराकडे आणि आपल्या गावाकडे पाहूनच झाले पाहिजे.

आमच्या मते त्याची सुरुवात अगदी साधी आहे. रोज थोडे थोडे करण्यापेक्षा आठवड्यातील एक दुपार या कामासाठी राखून ठेवावी. दिवसाच्या उजेडात आठवड्याचे सगळे फोटो एकदमच काढावेत, मजकूर एकदमच लिहून ठेवावा. चार ठिकाणी धावण्यापेक्षा एकच ठिकाण नीट सांभाळावे. स्टेटस २४ तासांत निघून जाते, पण व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये मालाची यादी भावासह कायम लावता येते. मग तेच उत्तर पन्नास वेळा द्यावे लागत नाही. आपण कामात असताना आपोआप निरोप जाण्याचीही त्यात सोय आहे. ऑर्डर कोणत्या वारापर्यंत घेणार आणि माल कोणत्या वारी जाणार हे ठरवून जाहीर करावे. गिऱ्हाईक थांबते. थांबत नाही तो धाक आपल्याच मनातला असतो. धंद्याचा नंबर घरच्या नंबरापासून वेगळा ठेवावा, म्हणजे रात्री-अपरात्री येणारे वाह्यात निरोप घरात शिरत नाहीत.

वर्षाचे गणितही आधीच मांडता येते. पावसाळ्यात माळशेज आणि नाणेघाटाकडे गर्दी वळते, श्रावणात भीमाशंकरकडे, १९ फेब्रुवारीला शिवनेरीकडे. १ जानेवारीला याच जिल्ह्यात भीमा कोरेगावला लाखो बांधव येतात. मग १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन. या तारखा काही अचानक येत नाहीत. महिनाभर आधी ऑर्डर घेतली तर आदल्या रात्री जागावे लागत नाही आणि माल उरून वायाही जात नाही.

पण नियोजन म्हणजे केवळ वहीत रकाने आखणे नव्हे. ती राखून ठेवलेली दुपार तिला कोण देणार? त्या दुपारी मुलांना कोण पाहणार, पाणी कोण भरणार? येथे आमच्या कार्यकर्त्या बांधवांना दोन शब्द सांगणे भाग आहे. बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' चालविला तेव्हा २४-२४ रकाने त्यांना एकट्याला लिहून काढावे लागत. त्याच पत्रात त्यांनी जाहीरपणे लिहिले, की आपण परदेशात असताना जिने घराचा भार वाहिला, डोक्यावर शेण वाहण्यातही कमीपणा मानला नाही, त्या पत्नीला दिवसातला अर्धा तासही आपण देऊ शकत नाही. एवढ्या मोठ्या माणसाने रमाईंच्या कष्टाची नोंद छापून ठेवली. आणि आम्ही? सभेत समतेवर तासभर बोलून घरी येतो आणि पाण्याचा तांब्या हातात मागतो! पत्नीच्या मसाल्याचा फोटो स्वतःच्या स्टेटसवर टाकला की आपण तिला मदत केली असे समजणाऱ्यांनी त्या दुपारी एक वेळची भांडी घासून पाहावीत.

याच्याच जोडीला मोबाईल कोणाचा हा प्रश्न येतो. मोबाईल पतीचा किंवा मुलाचा असेल तर तो बाहेर पडला की दुकान बंद. पैसे त्याच्या खात्यात जात असतील तर कष्ट तिचे आणि हिशेब त्याचा. म्हणून नंबर तिचा, बँक खाते तिचे आणि परवान्यावर नावही तिचेच असले पाहिजे. हिंदू कोड बिलात स्त्रीच्या मालमत्तेच्या हक्कासाठी बाबासाहेब झगडले आणि १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. त्या झगड्याचा अर्थ आपल्या घरातल्या यूपीआयपर्यंत यायला नको काय?

एकटीने सगळे करावे असेही नाही. जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतील शिलालेख या बाबतीत बोलके आहेत. तेथे धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे दानाच्या ठेवी ठेवल्याच्याही नोंदी आहेत. सुमारे अठराशे-दोन हजार वर्षांपूर्वी येथले कारागीर संघटित होते, त्यांच्या शब्दावर लोक पैसा ठेवीत होते. आजचा बचत गट ही त्याच वाटेवरची गोष्ट आहे. गटातील एकीने फोटो काढावेत, दुसरीने निरोपांना उत्तरे द्यावीत, तिसरीने पार्सले न्यावीत, आणि दर महिन्याला कामे बदलावीत. एकीच्या घरी आजारपण आले तरी धंदा थांबणार नाही.

आता शेवटचा आणि अवघड प्रश्न. खाण्याच्या पदार्थावर आडनाव लिहायचे की नाही? आडनाव वाचून मागणी मागे घेणारे गिऱ्हाईक आजही असते, हे आमच्या भगिनींना ठाऊक आहे. म्हणून कोणी गावाचे नाव लावते, कोणी लेकीचे. पोटासाठी असे करणाऱ्या भगिनीला आम्ही दोष देणार नाही. नाव लपविण्याची पाळी तिच्यावर ज्यांनी आणली, दोष त्यांचा आहे. पण ही पाळी संपवायची असेल तर ते काम तिच्या एकटीवर टाकून चालणार नाही.

ते काम आपले आहे, वाचकहो. गंगाराम कांबळे यांच्यासाठी एक राजा थांबला होता. आज आपल्यातले हजारो जण नोकरदार आहेत, अधिकारी आहेत, प्राध्यापक आहेत. विहाराच्या कार्यक्रमाचे जेवण, जयंतीची मिठाई, लग्नाचे पापड आपण कोठून घेतो? पुढच्या वेळी ते आपल्या भगिनीकडून घ्यावे. उधार नको, सवलतीचा आग्रह नको, पूर्ण भाव द्यावा. माल आवडला तर तिचे पूर्ण नाव लिहून चार ओळींचा अभिप्राय आपल्या मोबाईलवरून जाहीर करावा, आणि उणीव असेल तर ती तिला खासगीत सांगावी. त्याला पाच मिनिटे लागतात. तिची रात्रीची पाच मिनिटे त्यामुळे वाचतील.

जय भीम!